हौसेचे मोल आणि घरातली लपवाछपवी

छंदासाठी घेतलेल्या वस्तूची किंमत घरी निम्मीच सांगणे, ती मित्राकडून जुनी मिळाल्याचे भासवणे किंवा ती घेतल्याचा उल्लेखच टाळणे, हा प्रकार मध्यमवर्गीय संसारात इतका सर्रास चालतो की त्याची चर्चा बहुधा थट्टेच्या सुरातच होते. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण हौस करणाऱ्याच्या तोंडी शोभून दिसते. परंतु ते मोल ज्या मिळकतीतून चुकते होते तिच्यावर जोडीदाराचाही हक्क असल्यामुळे हा विषय थट्टेवारी नेऊन संपत नाही. गेल्या तीन-चार दशकांत अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि ग्राहक-मानसशास्त्र या शाखांतील अभ्यासकांनी पती-पत्नींमधील पैशाच्या व्यवहारांकडे बारकाईने पाहिले आहे. त्यांचे निष्कर्ष एकत्र ठेवले असता असे दिसते की लपवलेल्या खरेदीच्या मुळाशी रकमेपेक्षा अधिकाराचा प्रश्न असतो. कोणता खर्च गरजेचा आणि कोणता उधळपट्टीचा हे घरात कोणी ठरवायचे, याचा निवाडा झालेला नसतो.

अशा वर्तनाला अभ्यासक ‘आर्थिक प्रतारणा’ म्हणतात. एमिली गार्बिन्स्की, जो ग्लॅडस्टोन, ह्रिस्टिना निकोलोव्हा आणि जेनी ओल्सन यांनी २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या संज्ञेची व्याख्या दोन अटींवर उभी केली आहे : जोडीदाराला रुचणार नाही अशी ज्याबद्दल आधीच अटकळ आहे असा व्यवहार करणे, आणि तो जाणूनबुजून न सांगणे. या दोन्ही अटी एकत्र आल्याखेरीज प्रतारणा होत नाही. सांगायचे सहज राहून गेलेले पुस्तक किंवा वाढदिवसासाठी दडवून ठेवलेली भेटवस्तू या व्याख्येत बसत नाही. ज्यांच्यात ही प्रवृत्ती अधिक असते ते माग न राहणारी देयक-पद्धत पसंत करतात आणि आत काय आहे हे बाहेरून कळू न देणारे वेष्टन निवडतात, असेही या संशोधकांना आढळले.

एका वस्तूमागून दुसरी

घरातल्या इतर खर्चांपेक्षा छंदाचा खर्च अधिक लपवला जातो, कारण त्याची वाढ एका वस्तूपाशी थांबत नाही. फ्रेंच विचारवंत देनिस दिदेरो याने १७६९ साली लिहिलेल्या एका निबंधात, नवा उंची झगा मिळाल्यानंतर खोलीतल्या बाकीच्या वस्तू त्याच्यापुढे कळाहीन वाटू लागल्या आणि त्याही एकामागून एक बदलाव्या लागल्या, अशी तक्रार मांडली आहे. त्यावरून मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन याने १९८० च्या दशकात या साखळीला ‘दिदेरो परिणाम’ असे नाव दिले.

पक्षी-छायाचित्रणाचा छंद हे या साखळीचे बोलके उदाहरण आहे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स घरगुती समारंभांना पुरेशी ठरते; पण हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी टिपायला गेलेल्या माणसाला पहिल्याच फेरीत कळून चुकते की ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याच्या लेन्सखेरीज पक्षी चौकटीत ठिपक्याएवढाच येतो. ती लेन्स जड असल्याने भक्कम तिपाई लागते, उडत्या पक्ष्याची सलग छायाचित्रे साठवण्यासाठी वेगवान मेमरी कार्ड लागते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरू नये म्हणून आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राखणारे विजेवर चालणारे कपाटही घ्यावे लागते. यांपैकी प्रत्येक वस्तूचे समर्थन आधीच्या वस्तूतून आपोआप निघते. छंदिष्टाला म्हणूनच तो एकच सुसंगत निर्णय वाटतो, तर घरातल्या दुसऱ्या माणसाला मात्र ‘पुन्हा काहीतरी आणले’ एवढेच दिसते.

छंदिष्टांच्या समूहांना या ओढीची पुरती जाण असते. पाश्चात्त्य सायकलस्वारांत एक गमतीचे सूत्र प्रचलित आहे : जवळ जितक्या सायकली असतील त्याहून एक अधिक ही सायकलींची योग्य संख्या होय, मात्र जितक्या सायकली झाल्यावर जोडीदार घर सोडून जाईल, त्या संख्येपेक्षा ती एकने कमी असावी. जोडीदार हा संवादाचा भागीदार नसून चुकवायची मर्यादा आहे, हे गृहीत या विनोदात दडलेले असते.

लपवण्यामागची कारणे

पहिले कारण हिशेबाच्या रीतीत आहे. अर्थशास्त्राचे २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिले की माणसे पैशाची मनातल्या मनात वेगवेगळ्या खात्यांत वाटणी करतात आणि एका खात्यातला रुपया दुसऱ्या खात्यातल्या रुपयासारखा मानत नाहीत. या प्रवृत्तीला त्यांनी ‘मानसिक लेखांकन’ म्हटले. दिवाळीचा बोनस किंवा सुटीच्या दिवशी केलेल्या जादा कामाचे पैसे छंदिष्टाच्या मनात ‘वरचे पैसे’ म्हणून जमा होतात, तर त्याच रकमेवर जोडीदाराच्या मनात मुलाच्या शिकवणीची किंवा घराच्या रंगकामाची नोंद आधीच झालेली असते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो, पण दोन वह्या कधी शेजारी ठेवून ताडून पाहिलेल्या नसतात.

दुसरे कारण स्वभावभेदाचे आहे. पैसे हातातून सुटताना काहींना जवळजवळ शारीरिक कळ जाणवते, तर काहींना ती जाणवायला हवी तितकीही जाणवत नाही. स्कॉट रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या दोन टोकांची माणसे विवाहासाठी एकमेकांकडे आकर्षित होतात खरी, परंतु पुढे त्यांच्यात पैशावरून खटके अधिक उडतात आणि वैवाहिक समाधान कमी राहते. हात आखडता असलेल्या जोडीदाराची नापसंती जिथे ठरलेलीच असते, तिथे विचारण्यापेक्षा न सांगणे सोपे वाटू लागते.

तिसरे कारण अधिक खोलवरचे आहे. ग्राहकवर्तनाचे अभ्यासक रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले की माणसाच्या मालकीच्या वस्तू या त्याच्या ‘स्व’चाच विस्तार असतात. नोकरी आणि संसार यांतून उरलेला स्वतःचा असा एक कोपरा छंदात सापडलेल्या माणसाला ‘याची काय गरज होती?’ हा प्रश्न वस्तूविषयीचा न वाटता स्वतःविषयीचा वाटतो, आणि तो टाळण्यासाठी वस्तूच दडवली जाते. पैठण्यांचा संग्रह, बेकिंगचे साचे, शाईची पेने, जुन्या ध्वनिमुद्रिका किंवा कुंड्यांतली दुर्मीळ रोपे असा छंद कोणताही असो, ही भावना स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडते.

उधारीने वाढवलेली गुंतागुंत

रोखीच्या काळात लपवाछपवीला खिशाचीच मर्यादा होती. आज खोके कार्यालयाच्या पत्त्यावर मागवता येते, ते तिथेच फोडून वस्तू रोजच्या पिशवीतून घरी आणता येते, आणि किंमत बारा हप्त्यांत विखुरली की दरमहाच्या खर्चात ती बेमालूम मिसळून जाते. ‘नो-कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणून देऊ केलेले मासिक हप्ते, या सोयीचा इथे मोठा वाटा आहे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. साठ हजारांची लेन्स पाच हजारांच्या बारा हप्त्यांत मिळते तेव्हा विक्रेता बहुधा व्याजाइतकी सूट आधी देतो आणि बँक ते व्याज नंतर वसूल करते. व्याजाचा हा भाग साडेचार हजारांच्या घरात असेल तर त्यावर अठरा टक्के दराने आठशे रुपयांच्या आसपास जीएसटी आणि शिवाय प्रक्रिया शुल्क पडते. रोखीने घेणाऱ्याला मिळू शकणारी सवलत हातची जाते ती निराळीच. क्रेडिट कार्डाचे बिल थकले तर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, आणि मग हौसेच्या वस्तूपेक्षा तिचे कर्ज लपवणे हाच मोठा उद्योग होऊन बसतो.

एकाच्या कार्डावरचे कर्ज केवळ विवाहसंबंधामुळे दुसऱ्यावर येत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तरच ती जबाबदारी येते. तथापि पती-पत्नी मिळून गृहकर्जासाठी अर्ज करतात तेव्हा बँक दोघांचेही पतअहवाल तपासते, आणि चालू असलेला प्रत्येक हप्ता व चुकलेली प्रत्येक तारीख त्यात नोंदलेली असल्यामुळे कित्येकदा वर्षानुवर्षे झाकलेली मूठ नेमकी घर घेण्याच्या वेळी उघडते.

दडवलेली बचत आणि दडवलेला खर्च

घरात पैसे दडवण्याची परंपरा छंदांपेक्षा कितीतरी जुनी आहे आणि ती प्रामुख्याने स्त्रियांची आहे. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत किंवा भिशीत साठवलेला पैसा हा स्वतःची मिळकत आणि स्वतःचे खाते नसलेल्या गृहिणीचा अडीअडचणीचा आधार होता. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीने ही बचत एकाएकी उजेडात आणली. अडीच लाख रुपयांपर्यंतच्या अशा भरण्यांची चौकशी होणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले, आणि प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानेही २०२१ मध्ये एका गृहिणीच्या प्रकरणात तेवढ्या मर्यादेतील रक्कम अघोषित उत्पन्न मानण्यास नकार दिला. स्त्रीधन ही पतीशी सामाईक नसलेली, पत्नीच्या एकटीच्या मालकीची संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले होते. पण कायद्याने मान्य केलेला हा हक्क रोजच्या व्यवहारात हाती नसल्यामुळेच डब्यातल्या पैशाची गरज भासत राहिली.

दडवलेली बचत संकटासाठी राखलेली असते आणि दडवलेला खर्च होऊन गेलेला असतो, म्हणून दोहोंना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. तरीही कोणाला न विचारता वापरता येईल असा हक्काचा पैसा नसणे, हे दोहोंचे समान मूळ आहे. जपानमध्ये अनेक घरांत पती पगार पत्नीच्या हाती देतो आणि तिच्याकडून महिन्याचा ठरावीक हातखर्च घेतो. तिथे १९७९ पासून या हातखर्चाची पाहणी प्रसिद्ध होत आली आहे, म्हणजेच ही व्यवस्था सर्वमान्य आहे, आणि तरीही त्याच देशात पत्नीने गुपचूप बाजूला टाकलेल्या पैशाची प्रथाही तितकीच परिचित आहे.

केवळ नजर ठेवल्याने प्रश्न सुटत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ नावा अश्रफ यांनी फिलिपिन्समध्ये केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले. ज्या घरांत बचतीचा कारभार पत्नीकडे होता तिथल्या पतींना काही रक्कम गुप्तपणे मिळाली, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या खात्यात टाकली. पत्नीला कळणार आहे पण आधी चर्चा होणार नाही अशा स्थितीत त्यांनी ती स्वतःच्या उपभोगासाठी खर्ची घातली. आणि दोघांना आधी बोलायला लावले, तेव्हा पैसे पत्नीच्या खात्यात गेले.

हक्काचा हातखर्च

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॅन पाल यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात संसारातील पैशाच्या व्यवस्थांचे चार प्रकार सांगितले आहेत : सगळा कारभार एकाच्या हाती, घरखर्चापुरती ठरावीक रक्कम एकाने दुसऱ्याला देणे, दोघांचा सामाईक गल्ला, आणि दोघांचे स्वतंत्र व्यवहार. ओल्सन, रिक आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नवविवाहित जोडप्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून त्यांना दोन वर्षे पाहिले असता, सामाईक खाते उघडणाऱ्या जोडप्यांच्या नात्याची गुणवत्ता इतरांच्या तुलनेत चांगली टिकून राहिली. सामाईक गल्ल्याने विश्वास वाढतो, पण त्यात स्वतःचा कोपरा उरला नाही तर लपवाछपवीची वाटही तिथूनच फुटू शकते. म्हणून मिळकत एकत्र करून तीतून दोघांनाही सारखी, हिशेब न मागता वापरता येईल अशी रक्कम दरमहा बाजूला काढणे हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. कमावत्याला जास्त आणि घर सांभाळणाऱ्याला कमी असा भेद इथे केला तर मूळ अधिकाराचा प्रश्न जसाच्या तसा राहतो. त्याला दोन नियमांची जोड हवी : परस्परसंमतीने ठरवलेल्या रकमेवरील कोणतीही खरेदी आधी बोलून करावी, आणि कर्ज कितीही लहान असले तरी लपवू नये.

मोठ्या हौसेलाही उघडा व्यवहार पेलतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहून झपाटलेल्या दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले आणि १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा, कच्ची फिल्म व तिला कडेने भोके पाडण्याचे यंत्र आणले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने या कामी दिले, फिल्मला भोके पाडण्याचे काम शिकून घेतले आणि चित्रीकरणाच्या चमूचा स्वयंपाकही केला. १९१३ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे हा सहभाग होता. त्या काळातील पत्नीला नकार देण्याची मोकळीक कितपत होती ही शंका रास्तच आहे, आणि प्रत्येक हौसेतून चित्रपट निघत नाही हेही खरे. परंतु किती पैसा जाणार आणि काय पणाला लागणार हे सरस्वतीबाईंना माहीत होते, आणि या माहितीमुळेच त्या या धाडसाच्या भागीदार होऊ शकल्या.

आजच्या घरातल्या लेन्सला, सायकलला किंवा पैठणीला हाच निकष लावता येतो. जोडीदाराने ती वस्तू आवडून घ्यावी अशी अपेक्षा धरण्याचे कारण नाही. तिची खरी किंमत आणि तिच्यासाठी कोणता दुसरा खर्च मागे पडणार आहे, हे दोघांनाही आधी ठाऊक असले, तर मतभेद झाला तरी तो वस्तूविषयीचा राहतो. तेच नंतर उघड झाले, तर वस्तू परत करून पैसे मिळाले तरी ‘आणखी काय सांगितलेले नाही?’ हा प्रश्न घरात मुक्कामाला राहतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही पावतीवर छापलेले नसते.