डॉट कॉम, डॉट इन आणि समोरच्या दुकानाचे नाव

डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या पानावर दुकानाचे नाव टाकून पाहा. डॉट कॉम मिळते की नाही, हे सांगण्याआधीच खाली यादी उघडते: डॉट इन, डॉट नेट, डॉट स्टोअर, डॉट शॉप, डॉट ऑनलाइन. प्रत्येकापुढे खोडलेली मोठी किंमत, शेजारी ठळक अक्षरात छोटी किंमत, आणि वर घाई करणारी ओळ: दुसऱ्या कोणी घेण्याआधी घेऊन टाका. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचा चांदीचा व्यापारी असो, शेगावचा कचोरीवाला असो की चिखलीचा कृषी केंद्रवाला, इथे दोन मोह होतात. एक म्हणजे आपल्या नावाची सगळीच एक्स्टेन्शन घेऊन ठेवावीत. दुसरा मोह थोडा खट्याळ आहे: समोरच्या दुकानाचे नाव टाकून पाहावे. बहुतेक वेळा त्यातले काही ना काही मोकळे असतेच.

"मोकळंच पडेल होतं भाऊ, मी घेतलं. त्यात चोरी काय झाली?" हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरून आलेला आहे.

सत्यम इन्फोवे या कंपनीने 1999 साली 'सिफी' या नावापासून सुरू होणारी डोमेन नोंदवली होती. पुढे दुसऱ्या एका कंपनीने एक 'एफ' वाढवून 'सिफ्फीनेट' हे नाव डॉट कॉम आणि डॉट नेटवर घेतले. आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून ते तयार झाले, असा तिचा खुलासा होता. बंगळुरूच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठवली आणि 6 मे 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हाचे सगळे गुण आहेत आणि दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचा कायदा त्यालाही लागू होतो, असे त्या निकालात आहे. डोमेनसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नसताना आजही काम चालते ते या निकालाच्या आधारावर.

मुंबई उच्च न्यायालयाने तर 1999 सालीच, रेडिफच्या दाव्यात, हेच ठरवले होते. समोरच्याने 'रॅडिफ' हे नाव घेतले होते, म्हणजे इंग्रजीत एका स्वराचा फरक. तिथेही खुलासा आद्याक्षरांचाच: 'रॅडिकल', 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री'. न्यायालयाला तो पटला नाही. नकलेचे नाव घेणाऱ्यांना लघुरूपे नंतर सुचतात, हे न्यायाधीशांच्या फार लवकर लक्षात आले असावे.

पहिला येईल त्याला नोंदणी मिळते, हे खरेच आहे. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, नाव देताना हक्क तपासत नाही. पण नोंदणी मिळणे वेगळे आणि हक्क मिळणे वेगळे. तसे पाहिले तर डोमेन कोणी 'विकत' घेतच नाही. मक्त्याने केलेल्या शेताच्या सातबारावर आपले नाव चढत नाही, तसेच हे. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा मक्ता, तो संपला आणि पैसे भरले नाहीत तर थोडी सवलतीची मुदत, मग नाव पुन्हा बाजारात.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमजही आहे: एकदा नाव आपण वापरले की त्या शब्दावर आपलाच मालकी हक्क. शादी डॉट कॉमच्या कंपनीने सेकंड शादी डॉट कॉमविरुद्ध दावा लावला, तेव्हा 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. लग्न जुळवण्याच्या धंद्यात 'शादी' हा शब्द सगळ्यांचाच. शेगावला हे नीट समजून घेण्यासारखे आहे. 'शेगाव कचोरी' या दोन शब्दांत गावाचे नाव आहे आणि पदार्थाचे नाव आहे. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यातले कलम 9 अशा निव्वळ वर्णनात्मक नावाची नोंदणी सहसा होऊ देत नाही. त्यामुळे शेगाव कचोरी डॉट अमुक एकाने घेतले म्हणून दुसऱ्या कचोरीवाल्याने चिडून उपयोग नाही. त्यात कोणा एकाचे नाव चोरलेले नाही. पण तिथल्या एखाद्या जुन्या दुकानाचे स्वतःचे नाव उचलून त्याला डॉट इन लावले, तर गोष्ट बदलते. गिऱ्हाईक नेमके कोणाला शोधत होते, हा खरा प्रश्न.

समोरच्याचे नाव घेऊन ते आपल्या वेबसाइटवर वळवणे, म्हणजे त्याचे गिऱ्हाईक आपल्या दारात आणणे, हा वाईट हेतूचा सरळ पुरावा ठरतो. "वापरत नाही, नुसते ठेवले आहे" हाही बचाव फारसा चालत नाही. आणि "त्यालाच लाखाला विकेन" हा तर सगळ्यात कमजोर बेत. डॉट कॉमसाठी 1999 पासून जी आंतरराष्ट्रीय तंटा पद्धत आहे, तिच्यात नोंदणीच्या खर्चापेक्षा जास्त पैसे घेऊन मालकाला विकण्याचा हेतू हेच वाईट हेतूचे पहिले उदाहरण म्हणून दिलेले आहे. जिओ आणि हॉटस्टारच्या विलीनीकरणाचा अंदाज बांधून एका तरुणाने दोन्ही नावे जोडलेले डोमेन 2023 मध्येच घेऊन ठेवले आणि 2024 साली त्याच पानावर परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला. तो मिळाला नाही. पुढे ते डोमेन दुबईतल्या दोन भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केले.

डॉट इन आणि डॉट भारतची व्यवस्था 'निक्सी' ही आपलीच संस्था पाहते. तिच्या तंटा पद्धतीत लवादापुढे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या नावाशी फसवे साम्य राखते, समोरच्याचा त्यावर खरा हक्क नाही, आणि नोंदणी किंवा वापर वाईट हेतूने झाला. डॉट कॉमला नोंदणी आणि वापर, दोन्ही वाईट हेतूचे असावे लागतात. आपल्याकडे एक पुरते. या मार्गाने डोमेन रद्द होते किंवा आपल्याकडे येते. बुडालेल्या धंद्याची भरपाई मात्र मिळत नाही, त्यासाठी कोर्टच.

रजिस्ट्रारला एक ईमेल केला की बनावट वेबसाइट जगातून गायब होते, असेही अनेकांना वाटते. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या नावाने डीलरशिप देतो म्हणून लोकांना गंडवणाऱ्या डोमेनांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जून 2020 मध्ये फरक स्पष्ट केला: रजिस्ट्रार नोंदणी निलंबित करू शकतो, वेबसाइटपर्यंत पोचण्याची वाट तो अडवू शकत नाही.

मग स्वतःची किती एक्स्टेन्शन घ्यावीत? एक हजारावर उपलब्ध आहेत. सगळी घेऊन कुंपण घालणे टाटा-रिलायन्सलाही जमलेले नाही. जास्त एक्स्टेन्शन घेतली की गुगलमध्ये वर येतो, हे तर विकणाऱ्यांचेच गाणे. गुगलने 2015 सालीच सांगितले आहे की डॉट शॉप किंवा डॉट स्टोअरसारख्या नव्या एक्स्टेन्शनमुळे क्रम वाढत नाही. माझ्या मते जिल्ह्यातल्या दुकानाला डॉट इन आणि डॉट कॉम पुरे. एकावर वेबसाइट, दुसरे तिकडे वळवलेले. तिसऱ्यावर पैसे घालायचेच असतील तर ते स्पेलिंगवर घालावेत. बुलढाण्याच्या इंग्रजी नावात 'डी'नंतर कोणी 'एच' घालतो, कोणी घालत नाही, आणि दोन्ही पाट्या रोज दिसतात. गिऱ्हाईक चुकते ते इथे, डॉट शॉपमध्ये नव्हे. देवनागरी डॉट भारत 27 ऑगस्ट 2014 पासून मिळते आणि त्यात मराठी आहे. पण रोमन नाव आपल्याकडे आहे म्हणून देवनागरी नाव आपोआप आपले होत नाही, आणि तिथेही 'बुलडाणा' आणि 'बुलढाणा' ही दोन वेगळी नावे.

"तुमच्या नावाचे डॉट सीएन आणि डॉट एशिया चीनमधली एक कंपनी घेत आहे, आक्षेप असेल तर ताबडतोब कळवा" असा ईमेल आला तर तो पुसून टाका. घाबरवून महागडी नोंदणी गळ्यात मारण्याची ही जुनी युक्ती आहे.

शेपटीवरून, म्हणजे एक्स्टेन्शनवरून, विश्वास ठेवणे हा गिऱ्हाइकाच्या बाजूचा गैरसमज, आणि शेगावसारख्या ठिकाणी तो महाग पडू शकतो. गजानन महाराज संस्थानची वेबसाइट डॉट ऑर्गवर आहे, म्हणून डॉट ऑर्ग म्हणजे धर्मादाय संस्था असे कोणी समजू नये. ते कोणालाही मिळते. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने तीर्थक्षेत्रांच्या बनावट बुकिंग वेबसाइटविषयी इशारा दिला, त्यात सोमनाथ ट्रस्टची खरी वेबसाइट मुद्दाम नाव घेऊन सांगावी लागली. फसलात तर 1930 वर लगेच फोन करावा. शेपटीवर खरोखर पहारा आहे तो डॉट गव्ह डॉट इनवर आणि रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना सक्तीच्या केलेल्या डॉट बँक डॉट इनवर.

आता खर्च. डॉट स्टोअरसारखे नाव पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि नूतनीकरणाला काही हजार मागते. याउलट एका व्यक्तीने किंवा लहान उद्योगाने एका वर्गात व्यापारचिन्हाचा ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी शुल्क 4,500 रुपये, आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. चांदीच्या दागिन्यांचा वर्ग 14, कचोरीचा 30. नोंदणीकृत चिन्हाचे उल्लंघन झाले तर व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम 134 नुसार दावा आपला धंदा जिथे आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. समोरचा दिल्लीत बसलेला असला तरी बुलढाण्यात.