मोटारीच्या धुराची गळती थंड इंजिनावरच शोधावी

मोटारीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. त्यामुळे सायलेन्सरच्या मार्गातील गळती ही केवळ कर्कश आवाजाची तक्रार ठरत नाही. काचा बंद असताना प्रवाशांना डोकेदुखी, मळमळ वा गुंगी जाणवल्यास वाहन थांबवून तत्काळ मोकळ्या हवेत यावे.

गळती शोधण्यास सकाळची वेळ योग्य असते. थंड इंजिन सुरू करताच बॉनेटखालून 'टक्-टक्' असा आवाज आला आणि इंजिन तापल्यावर तो मंदावला, तर मॅनिफोल्डचे गॅस्केट खराब झाल्याची किंवा मॅनिफोल्डला तडा गेल्याची शक्यता असते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो व फट बुजते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष 'नाहीसा' होतो, तो यामुळेच! गळतीच्या सांध्यांवर काजळीचे काळे डागही आढळतात. थंड नळीवर साबणाचे पाणी शिंपडून इंजिन क्षणभर चालवल्यास तेथे बुडबुडे उठतात.

ही तपासणी उघड्यावरच करावी. गॅरेजचे दार उघडे ठेवणे पुरेसे नाही. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कदापि शिरू नये, भक्कम स्टँड लावावेत.

सैल क्लॅम्प किंवा झिजलेले गॅस्केट बदलणे तुलनेने सोपे असते. उष्णतारोधक पट्टी वा लेप हा मात्र गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरताच उपाय आहे. गंजून पातळ झालेल्या नळीवर वेल्डिंग टिकत नाही, तो भाग बदलावाच लागतो.