चाळिशीनंतर येणारे मुरुम

मुरुमांना आपल्याकडे ‘तारुण्यपीटिका’ असे नाव आहे. त्यामुळे मुरुम हा केवळ तरुण वयाचा विकार होय, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात चाळिशी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांच्या हनुवटीवर व जबड्याच्या कडेला दुखऱ्या गाठींच्या स्वरूपात मुरुम उद्भवतात. या वयात त्याविषयी बोलण्याचा संकोच वाटतो आणि डॉक्टरांऐवजी दुकानदाराचा किंवा शेजारणीचा सल्ला घेतला जातो. खरे नुकसान तेथे होते.

भारतीय स्त्रियांची पाळी सर्वसाधारणपणे ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास कायमची थांबते. सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. तत्पूर्वीची काही वर्षे संक्रमणाची असतात. या काळात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण कमीअधिक होत अखेरीस घटते. अँड्रोजेन संप्रेरके मात्र त्या वेगाने घटत नाहीत. त्यांचा प्रभाव तुलनेने वाढल्याने त्वचेतील तैलग्रंथी उत्तेजित होतात, मृत पेशींनी रंध्रे बुजतात, आत जंतू वाढतात व दाह होतो. चेहरा अस्वच्छ ठेवल्यामुळे हा विकार होतो, ही समजूत चुकीची आहे. उलट वारंवार घासून धुतल्याने तो चिघळतो.

दिवसातून दोन वेळा सौम्य साबणाने चेहरा धुणे पुरेसे आहे. या वयात त्वचा कोरडीही होऊ लागते. म्हणून तेलविरहित मलम लावावे. मुरुम फोडू नयेत. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा किंवा टूथपेस्ट लावू नये. त्यांनी त्वचा भाजते व काळे डाग राहतात. डाग गडद होऊ नयेत म्हणून उन्हापासून चेहऱ्याचे रक्षण करावे.

बेंझॉईल पेरॉक्साईड व अ‍ॅडापॅलीन ही बाहेरून लावण्याची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावीत. गुण येण्यास ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर धीर सोडू नये. आवश्यक वाटल्यास डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या देतात. पाळी अनियमित झाली तरी गर्भधारणा संभवते आणि यांपैकी काही औषधे गर्भास अपायकारक असतात, ही गोष्ट विसरू नये.

चेहरा उजळ करणारी म्हणून विकली जाणारी स्टेरॉईडयुक्त मलमे विशेष घातक होत. प्रारंभी त्यांनी मुरुम दबल्यासारखे दिसतात. पुढे त्वचा पातळ होते, चेहरा लाल पडतो आणि मलम थांबविताच मुरुम अधिक जोराने उसळतात. २०१८ साली केंद्र शासनाने अशा १४ औषधांचा समावेश अनुसूची ‘एच’मध्ये केला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकत घेऊ नयेत.

मुरुमांबरोबरच आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर झपाट्याने केस वाढणे किंवा डोक्यावरील केस विरळ होणे अशी लक्षणे अल्पावधीत दिसल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी. चेहरा सतत लाल राहत असेल, तर तो निराळाही विकार असू शकतो.

गावातील आरोग्यसेविका व शिक्षिका यांनी महिला मंडळांच्या बैठकांतून हा विषय निःसंकोचपणे मांडावा. पाळी थांबण्याच्या काळातील हा एक सामान्य शारीरिक बदल असून त्यावर उपचार आहेत, एवढे जरी स्त्रियांना कळले, तरी अनेक चेहरे कायमच्या डागांपासून वाचतील.