सीलच्या पिलाचें बालपण

हिमप्रदेशांतील प्राण्यांचीं चित्रें आपल्या घरांतील मुलांनीं पुष्कळ पाहिलेलीं असतात. त्यांत एक चित्र हमखास असतें : शुभ्र लोकरीच्या गुंडाळीसारखें अंग आणि त्यांत दोन टपोरे काळे डोळे. तें हार्प सील या सागरी सस्तन प्राण्याचें पिलूं होय. मुलें त्याला पाहून हरखतात. परंतु त्याचें बालपण किती अल्प आणि किती कठीण असतें, याची कल्पना त्या चित्रावरून येत नाहीं.

या प्राण्याला शास्त्रज्ञांनीं दिलेल्या 'पॅगोफिलस' या ग्रीक नांवाचा अर्थच मुळीं 'हिमप्रेमी' असा आहे. कॅनडाच्या पूर्वेस सेंट लॉरेन्सच्या आखातांत आणि न्यूफाउंडलंडच्या समुद्रांत हिवाळ्याअखेर बर्फाचे विस्तीर्ण तराफे तरंगत असतात. फेब्रुवारीच्या शेवटीं व मार्चमध्यें माद्या हजारोंनीं त्यांवर चढतात आणि प्रत्येकीला एक पिलूं होतें. ही वेळ इतकी नेमकी कशी साधते? मीलनानंतर गर्भाची वाढ थोडक्यांतच थांबते. सुमारें तीन महिने तो गर्भाशयाला न चिकटतां तसाच राहतो आणि मग पुन्हां वाढीस लागतो. या विश्रांतीमुळें वर्षाचा हिशेब बरोबर जुळतो.

जन्मतः पिलाचें वजन सुमारें ११ किलो असतें. गर्भजलाच्या डागांमुळें तें प्रथम पिवळसर दिसतें. पांढरें होतें तें दोन-तीन दिवसांनीं. त्वचेखालीं चरबी जवळजवळ नसते. मऊ केस त्याला ऊब देतात खरे, पण कोरडे असतील तोंवरच. भिजले कीं त्यांचा उपयोग संपला. समुद्रांत जन्म काढावयाचा, आणि आरंभीं भय पाण्याचेंच!

आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू व आळिवाची खीर मिळते. सीलच्या आईचा सारा खुराक तिच्या अंगावरच्या चरबींतच सांठविलेला असतो. या दिवसांत ती खाते फार थोडें, आणि तिचें वजन रोज सुमारें ३ किलो उतरतें. गाईच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा ४, म्हशीच्या दुधांत ७ च्या आसपास. हिच्या दुधांत आरंभीं शेंकडा २५ च्या सुमारास असतो आणि वाढत वाढत अखेरीस शेंकडा ४५ च्या वर जातो. तें दूध पिऊन पिलूं रोज २ किलोंहून अधिक वाढतें. आई मधून मधून पाण्यांत उतरते. परत आल्यावर नाकाला नाक लावून, वास घेऊन आपलें मूल ओळखते. परक्या पिलाला ती जवळ करीत नाहीं.

बारा दिवसांत पिलूं सुमारें ३५ किलोंचें होतें, आणि मग आई निघून जाते ती पुन्हां येत नाहीं. तिला निष्ठुर म्हणण्याचा मोह होतो. मला तें अन्यायाचें वाटतें. तरंगता बर्फ केव्हां फुटेल याचा नेम नसतो, तेव्हां जें द्यावयाचें तें झटपट देणें भाग असतें. त्याच समुद्रांतील हूडेड सील तर अवघे चार दिवस पाजते. तेवढ्यांत पिलाचें वजन दुप्पट होतें. इतकें अल्प स्तन्यपान दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्यांत नाहीं. उलट दक्षिण ध्रुवाकडील वेडेल सीलला किनाऱ्याशीं जखडलेला स्थिर बर्फ लाभतो; ती सहा-सात आठवडे पाजते आणि पिलाला बरोबर घेऊन पाण्यांतही उतरते.

हार्प सीलच्या पिलाला असा गुरु नाहीं. तें एकटें ओरडतें, आणि मग बराच काळ निजून राहतें. पांढरे केस झडून खालून करडा, ठिपकेदार, पाण्याला टिकणारा झगा येतो. या काळांत, सुमारें सहा आठवडे, त्याच्या पोटांत जवळजवळ कांहीं जात नाहीं. आईनें दिलेल्या चरबीवर तें जगतें आणि त्याचें वजन जवळजवळ निम्मेंही उतरतें. अखेर भूक त्याला पाण्यांत ढकलते. प्रथम तें नुसतें पाणी बडवतें. मग कोळंबीसारखे लहान जीव धरावयास शिकतें, पुढें मासे, आणि कोणी वाट न दाखवितां उत्तरेकडे निघतें.

त्या शुभ्र कातड्यासाठीं माणसानें या पिलांची फार मोठी हत्या केली. १९८३ सालीं युरोपीय समुदायानें अशा कातड्यांची आयात बंद केली. १९८७ सालीं कॅनडानें पांढऱ्या पिलांची व्यापारी शिकार थांबविली. मोठ्या सीलची शिकार मात्र पुढेंही चालू राहिली. परंतु आतां पिलांना जें संकट आहे, त्यावर असा कायदा चालत नाहीं. हवामान तापत चाललें आहे. गर्भाचें पंचांग ठरलेलें आहे, बर्फाचें मात्र बिघडलें आहे. पाजण्याचे बारा दिवस आणि नंतरचे कांहीं आठवडे पिलाखालीं बर्फ टिकला पाहिजे. तो पातळ असला तर वादळानें फुटतो, आणि पिलें बुडतात किंवा बर्फाच्या तुकड्यांत चिरडतात. २०१० आणि २०११ या वर्षीं सेंट लॉरेन्सच्या आखातांत बर्फ फारच थोडा धरला, आणि तेथें जन्मलेल्या पिलांपैकीं पुष्कळच दगावलीं.