बी.एड. करण्याआधी हिशेब मांडा : खर्च किती, पगार कुठे आणि कधी?

मुलगी बी.ए. किंवा बी.एस्सी. झाली की आपल्या घरांमध्ये पुढचा शब्द बहुतेक ठरलेला असतो : बी.एड. शिक्षकी पेशाला इज्जत आहे, वेळ सोयीची आहे, सासरचे लोकही सहसा हरकत घेत नाहीत. मुलाच्या बाबतीत ‘सरकारी नोकरी लागेल’ ही आशा असते. यात चूक काही नाही. पण ॲडमिशनच्या गडबडीत एक प्रश्न राहून जातो. दोन वर्षे आणि घरातले लाख-सव्वा लाख रुपये घातल्यावर हातात येणार काय?

एक गोष्ट आधीच लक्षात घेऊ. पगार पदवीला मिळत नाही, पदाला मिळतो. तेच बी.एड. एका शाळेत महिना पन्नास हजारांच्या वर नेते आणि पलीकडच्या शाळेत दहा हजारांवर अडकवते. म्हणून हिशेब कॉलेजच्या फीपासून नाही, तर कोणत्या पदावर जायचे आहे तिथून सुरू करायचा.

एकाच पदवीचे तीन पगार

पहिला प्रकार जिल्हा परिषद, महापालिका आणि शंभर टक्के अनुदानित शाळांचा. इथे पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि ज्युनिअर कॉलेजला २०,००० रुपये आहे. त्यानंतर सातव्या वेतन आयोगाची श्रेणी लागते. डी.एड. शिक्षकाचा मूळ पगार २९,२०० पासून, तर पदवीधर बी.एड. शिक्षकाचा ३८,६०० पासून सुरू होतो. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. २०२५ मध्ये महागाई भत्ताच मूळ पगाराच्या निम्म्याहून जास्त होता.

दुसरा प्रकार अंशतः अनुदानित शाळांचा. अनुदान २० टक्क्यांच्या टप्प्यांनी वाढते. शाळा २० टक्क्यांवर असेल तर सरकारकडून पगारही तेवढाच येतो. शंभर टक्के कधी होईल याची तारीख कुणी लिहून देत नाही.

तिसरा प्रकार विनाअनुदानित आणि मोहल्ल्यातल्या खासगी इंग्रजी शाळांचा. इथे पगार व्यवस्थापन ठरवते. बी.एड. झालेल्या कित्येक मुली इथे पाच-दहा हजारांवर काम करताना दिसतात.

आता कागद-पेन घ्या

समजा, कॉलेजची फी वर्षाला ४०,००० आहे. प्रवास, पुस्तके, पाठांचे साहित्य, इंटर्नशिप धरून आणखी २५,०००. दोन वर्षांचे झाले १ लाख ३० हजार. पण खरा मोठा आकडा पुढे आहे. हीच मुलगी दोन वर्षे कुठे १२,००० वर काम करू शकली असती तर २ लाख ८८ हजार कमावले असते. म्हणजे बी.एड.ची खरी किंमत ४ लाख १८ हजार. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या घरचे आकडे घालून पाहा.

तिला अनुदानित माध्यमिक शाळेत पद मिळाले तर? तीन वर्षे १८,००० मिळतील. १२,००० च्या नोकरीपेक्षा महिना ६,००० जास्त, म्हणजे तीन वर्षांत २ लाख १६ हजार वसूल. उरलेले दोन लाख नियमित पगार सुरू झाल्यावर साधारण पाच महिन्यांत निघतात. त्यापुढे सगळा फायदा.

पद मिळाले नाही आणि खासगी शाळेत १५,००० वर काम केले तर? वर्षाला ३६,००० जास्त. खर्च निघायला साडेअकरा वर्षे. आणि पगार १०,००० च असेल तर खर्च कधीच निघत नाही. मधला फरक आहे फक्त पदाचा.

डी.एल.एड. की बी.एड.?

इथे बरीच घरे फसतात. सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२३ ला स्पष्ट केले की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. चालणार नाही. त्या वर्गांना डी.एल.एड. म्हणजे जुने डी.एड. लागते. ते बारावीनंतर दोन वर्षांचे आहे. म्हणून लहान मुलांना शिकवायचे असेल तर ग्रॅज्युएशन आणि बी.एड. अशी पाच वर्षे घालवून उपयोग नाही. सहावी ते आठवीला पदवीसोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. चालते. नववी-दहावीला बी.एड. हवेच.

पदवीनंतरच्या दोन परीक्षा

पहिली ते आठवीसाठी टीईटी पास असणे सक्तीचे आहे. १५० पैकी खुल्या वर्गाला ९० गुण लागतात. हे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. दुसरी परीक्षा टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. हिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून भरती होते.

अडचण अशी की टेट दरवर्षी होत नाही. २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली, मग २०२५ ला. मधल्या वर्षांत पास झालेल्यांनी नुसती वाट पाहिली. वयोमर्यादा मात्र थांबत नाही : खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणून हिशेबात वाट पाहण्याची तीन-चार वर्षे धरा आणि त्या काळात घर कशावर चालेल हेही ठरवा.

आणखी एक गोष्ट घरात बसून बोलायला हवी. जिल्हा परिषदेची नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यातल्या लांबच्या तालुक्यात होऊ शकते आणि बदलीला वर्षे लागतात. मुलीला तिकडे राहू देणार आहोत का? उत्तर ‘नाही’ असेल तर अर्ध्या जागा आपणच खोडल्या.

उर्दू शाळा आणि अल्पसंख्याक संस्था

मालेगाव, भिवंडी, मुंबई, मराठवाडा, कोकण इथल्या उर्दू शाळा आपल्या मुलामुलींना जवळच्या वाटतात. पण जाहिरातीतली सगळी पदे आपल्याला खुली नसतात. उर्दू माध्यमात अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांना उमेदवार मिळत नाहीत आणि त्या रिकाम्या राहतात. म्हणून आकडा बघताना आपल्या प्रवर्गाचा आकडा बघा.

अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांना शिक्षक स्वतः निवडता येतात. तिथे संधी आहे आणि धोकाही. नेमणुकीचे पत्र हातात आले म्हणजे पगार सुरू झाला असे नाही. शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी मिळेपर्यंत सरकारी पगार येत नाही. काही ठिकाणी पदासाठी लाखो रुपये मागितले जातात. ही रिश्वत आहे, आणि मान्यता अडकली तर पैसेही बुडतात.

टीईटीबाबत १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही माहीत असू द्या. महाराष्ट्रातल्या अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात कोर्टाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची केली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीत राहण्यापुरती सूट आहे, बढतीसाठी नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे. ‘आमच्या संस्थेत टीईटी लागत नाही’ या भरवशावर राहू नका, परीक्षा देऊन मोकळे व्हा.

फी कमी करता येते

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यापेक्षा जास्त मागितली तर पावती मागा. बी.एड. सीईटी देऊन सरकारी फेरीतून म्हणजे कॅपमधून प्रवेश घ्या, कारण मॅनेजमेंट कोट्यातून गेल्यास शिष्यवृत्ती सहसा हातची जाते. अन्सारी, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा ओबीसी बिरादऱ्यांनी जातीचे दाखले वेळेत काढावेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. आपला कोर्स आणि कॉलेज यादीत आहे का, हे महाडीबीटीवर तपासा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीही तिथेच आहे.

पैसे भरण्याआधी विचारा

• कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का? ‘हजेरी नको, परराज्यातून डिग्री देतो’ म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.
• कोणत्या वर्गांना, कोणत्या माध्यमात, कोणता विषय शिकवायचा आहे?
• गेल्या भरतीत आपल्या प्रवर्गात त्या विषयाच्या किती जागा होत्या?
• टीईटी-टेटची तयारी पहिल्या वर्षापासून होणार आहे का?
• लांबच्या नेमणुकीला घरचे तयार आहेत का?
• पद मिळेपर्यंत दुसरा आधार काय : शिकवणी, कॉम्प्युटर, दुसरी स्पर्धा परीक्षा?

या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर बी.एड. आजही मध्यमवर्गीय घरासाठी चांगला सौदा आहे. उत्तरे नसतील तर एक वर्ष थांबून सीईटीची नीट तयारी करणे, अनुदानित कॉलेज मिळवणे, किंवा बारावीनंतरच डी.एल.एड.ला जाणे स्वस्त पडते. शिकवण्याची आवड ही मोठी गोष्ट आहे. तिला पुरेसा पगारही मिळावा, एवढ्यासाठीच हा हिशेब.