फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो?

जुन्या गाडीचा फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की बहुतेक लोक तिसरा घालतात. तोही गेला की कुणीतरी त्याला तांब्याची तार गुंडाळून देतं. गाडी चालू होते, मालक खूश होतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. जबलपूरच्या आयटीआयमध्ये मी मुलांना गाडीचं वायरिंग शिकवत आलो. ‘सर, तार डाल दें?’ असं प्रत्येक तुकडीत कुणी ना कुणी विचारतंच. मी त्यांना कळकळीने सांगतो की उडालेला फ्यूज ही तक्रार आहे. तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केल्याने दोष जात नाही.

आमच्या शहराला गाड्यांचं नवल नाही. 1904 सालची गन कॅरेज फॅक्टरी, 1969 पासूनचा वाहन कारखाना, त्यातून निघालेले शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप. जोंगा हे नावच मुळी ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ याच्या आद्याक्षरांचं. माझे वडील गन कॅरेज फॅक्टरीत होते. नट-बोल्ट, वायर, बॅटरी यांची बोलणी आमच्या घरात जेवतानाही चालायची. अशा गावात जुनी अॅम्बॅसडर, पद्मिनी किंवा लष्कराच्या लिलावातली जोंगा जिवापाड जपणारी माणसं भेटतात. इंजिनाची ती फार काळजी घेतात. वायरिंगकडे मात्र दिवा बंद पडल्याशिवाय कुणी बघत नाही.

आणि वायरिंगचंही वय होतं. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडून जातो. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षं तापून तारेवरचं पीव्हीसीचं आवरण कडक होतं, त्याला चिरा पडतात. पाठोपाठ पावसाळा आणि काळ्या मातीचा चिखल. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर शिरतात, त्यांना तारा कुरतडायला आवडतात. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथलं रबरी ग्रोमेट वाळून गळून पडतं आणि तार थेट पत्र्याच्या धारेवर घासू लागते.

बहुतेक गाड्यांचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. मेकॅनिक त्याला अर्थ म्हणतात. जिवंत तारेचं तांबं उघडं पडून या पत्र्याला टेकलं की शॉर्ट. बल्बमधून जाताना विजेला अडथळा होतो, पत्र्यात तो जवळपास नसतोच. मागचा 5 वॉटचा छोटा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. तीच तार पत्र्याला लागली तर बॅटरी शंभराच्या वर अँपिअर ओतू शकते. त्या प्रवाहाने तार लाल होण्याआधी फ्यूजमधली जस्ताची पट्टी वितळून रस्ता तोडते. जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळतं. फ्यूज वाचवतो तो मुख्यतः तारेला. त्यामुळे त्याचा आकडा तारेच्या कुवतीवर ठरलेला असतो. 10 अँपिअरच्या जागी 30 घातला तर फ्यूज उडण्याआधीच तार जळू शकते.

हल्लीचे चपट्या पायांचे ब्लेड फ्यूज 1970च्या दशकात आले. त्यांचे रंगही ठरलेले आहेत: 10 अँपिअर लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. यातच आता डोक्यावर इवला एलईडी असलेले फ्यूज मिळतात. फ्यूज उडाला की तो दिवा लागतो. डॅशबोर्डखालचं झाकण काढलं की कुठला फ्यूज गेला ते एका नजरेत कळतं. मंडला रस्त्यावर रात्री मागचे दिवे गेले तर ही सोय फार मोलाची आहे. पण मला हा फ्यूज आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. दोष कुठे आहे तेही तो सांगू शकतो.

एलईडी आणि त्याच्या जोडीचा मोठा रोधक फ्यूजच्या दोन पायांमध्ये जोडलेला असतो. फ्यूज धड आहे तोवर दोन्ही पायांवर विजेचा दाब जवळपास सारखाच असतो, म्हणून दिवा विझलेला. पट्टी तुटली की एका बाजूला बॅटरीचे 12 व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या तारेतून अर्थकडे जाणारी वाट. मग मोजके मिलिअँपिअर एलईडीतून वाहतात आणि तो पेटतो. हा दिवा लागायला पुढे अर्थपर्यंत रस्ता लागतो, हे मी मुलांना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो. हा रस्ता धडधाकट बल्बमधूनही असू शकतो आणि शॉर्टमधूनही. म्हणून आधी त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब काढायचे, मोटर आणि मीटरचे कप्लर, म्हणजे तारांचे जोड, सोडवायचे. आता अर्थकडे जायला कायदेशीर वाट एकही उरली नाही. तरीही दिवा लागला, तर चोरवाट आहे.

राइट टाउनमधल्या आमच्या शेजारच्या काकूंची जुनी हॅचबॅक माझ्याकडे आली ती अशाच तक्रारीने. मागच्या दिव्यांचा फ्यूज खड्ड्यांतून गेलं की उडायचा, घरी उभी असताना ठीक. मी तिथे एलईडी फ्यूज घातला. तो उडाला, तरी काढला नाही, कारण उडालेला एलईडी फ्यूज हेच उत्तम हत्यार. त्यातून पुढे इतका कमी प्रवाह जातो की शॉर्ट असला तरी तार तापत नाही. बल्ब काढले, कप्लर सोडवले, दिव्यांचा स्विच चालू ठेवला. एलईडी विझलेलाच. मग काकूंना फ्यूजबॉक्सकडे बघत बसवलं आणि मी तारांचा जुडगा जागोजाग हलवत मागे गेलो. डिकी अर्ध्यावर आणली तशा काकू ओरडल्या, ‘लागला, लागला!’ पुढेमागे केली की विझायचा, पुन्हा लागायचा. बिजागरीपाशी ग्रोमेट फाटलं होतं आणि एक तार पत्र्याच्या धारेवर सोलली होती. तिला जोड देऊन सोल्डर केलं, श्रिंक स्लीव्ह चढवली, नवं ग्रोमेट बसवलं. काकूंनी सोललेल्या तारेवर बोट ठेवून विचारलं, ‘एवढ्याशामुळे?’ हो, एवढ्याशामुळेच गाड्या पेटतात.

स्विचही साक्ष देतो. फ्यूज स्विचच्या आधी असेल आणि स्विच बंद असतानाही दिवा लागत असेल, तर शॉर्ट फ्यूज आणि स्विच यांच्या मध्ये आहे. स्विच चालू केल्यावरच लागत असेल, तर त्याच्या पुढे. एकेक कप्लर सोडत गेलं आणि ज्या क्षणी दिवा विझला, त्या फांदीत दोष. अख्खं वायरिंग उपसावं लागत नाही.

या फ्यूजच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. स्विच बंद असेल किंवा पुढे तार तुटलेली असेल, तर उडालेला फ्यूजही उजळत नाही. काहींमधला एलईडी एकाच दिशेने लागतो. शंका आली तर फ्यूज काढून उलटा घालून बघावा. काचेच्या नळीचे किंवा टॉर्पेडो पद्धतीचे फ्यूज असलेल्या जुन्या गाड्यांत ब्लेड फ्यूज बसत नाही. तिथे आमचा जुना उपाय आहे: 21 वॉटचा बल्ब होल्डरसकट फ्यूजच्या जागी जोडायचा. पुढे शॉर्ट असेल तर तो पूर्ण तेजाने पेटतो, छोट्या बल्बांचा साधा भार असेल तर मंद. एलईडीला हा फरक दाखवता येत नाही. बल्बमधून पावणेदोन अँपिअरपलीकडे काही जात नाही, म्हणून तोही सुरक्षित. चौकातले जाणते ऑटो इलेक्ट्रिशियन हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर डॅशबोर्डच्या खणात योग्य आकड्यांचे चार-सहा फ्यूज ठेवा, त्यांत एलईडीवाले असतील तर उत्तमच. एकदा उडालेला फ्यूज बदलायला हरकत नाही. लगेच दुसऱ्यांदा उडाला तर तो दिवा किंवा हॉर्न वापरू नका आणि गाडी दाखवा. हेडलाइट किंवा ब्रेकलाइटचा फ्यूज असेल तर गाडी तिथेच उभी करा. मेकॅनिकने नुसता फ्यूज बदलून ‘झालं’ म्हटलं, तर तार कुठे लागत होती ते दाखव म्हणा. ती जागा तुम्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका.