मीटरवर ऊन पडतं तेव्हा
ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या काही जुन्या चाळींत मीटर पश्चिमेच्या भिंतीवर, थेट उन्हात असतात. ‘उन्हाने मीटर पळतो’ ही भीती मात्र फारशी खरी नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरचं संदर्भ तापमान 27 अंश सेल्सिअस. वर्ग 1 च्या घरगुती मीटरला त्यापुढे दर अंशामागे सरासरी 0.05 टक्के फरकाची मुभा आहे. म्हणजे पेटी 47 अंशांवर तापली तरी चूक साधारण एक टक्का, तीही कमी किंवा जास्त. खरा त्रास वेगळाच. डिस्प्ले काळवंडतो, रीडिंग दिसत नाही आणि सरासरी बिल हातात पडतं. टर्मिनलचा स्क्रू सैल असेल तर तिथली वायरच करपते. करपट वास आला तर सीलला हात न लावता महावितरणच्या 1912 वर लगेच कळवा.